गरिबी दाखवण्याचा कार्यक्रम

सरकारच्या तिजोरीत खडखडाट आहे ही बातमी मला खडूंनी दिली. दर तिमाहीला स्कूल बोर्डाच्या कचेरीतून खडूंची एक लाकडी पेटी यायची. त्या खेपेला पेटीऐवजी रद्दी कागदाची पुडी आली. ती माझ्या हातात ठेवताना पट्टेवाला म्हणाला, "बाई, जपून वापरा हां. मुंबईचं सरकार बुडालंय म्हणतात." आमच्या रत्नागिरीत काही बुडालं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. मीही तोच विचारला, "अरे देवा! माणसं वाचली ना?" पट्टेवाला माझ्याकडे बघतच राहिला. मुलींना शिकवणाऱ्या बाईने असं विचारावं याचं त्याला फार वाईट वाटलं असावं, कारण पुढे कितीतरी दिवस तो मला लांबूनच नमस्कार करून पसार व्हायचा.

एकोणीसशे तिसानंतरची ती वर्षं. मांडवीकडे उतरणाऱ्या वाटेवर खारव्यांची वाडी होती. तिथल्या एका नाखव्याच्या स्वतःच्या होड्या होत्या, घर ऐसपैस होतं. त्या घराची लांब पडवी म्युनिसिपालटीने भाड्याने घेतली होती आणि तिच्यात मुलींची शाळा भरायची. पहिली ते चौथी, सगळ्या एकाच पडवीत. हेडमास्तरीण मी, शिक्षिका मी, घंटा वाजवणारी मी आणि घंटेवरचा गंज काढणारीही मीच. समुद्राचा वारा सुटला की चौथीचा भूगोल पहिलीच्या अंगावर उडून जायचा. पण ही शाळा माझी होती, आणि तिचा मला इतका गर्व होता की शहरातल्या मोठ्या कन्याशाळेच्या बाई रस्त्यात भेटल्या तर मी आधी मान लववायची नाही.

गर्व असायला कारणही होतं. मी आले तेव्हा वाडीतल्या आया म्हणायच्या, "पोरीला शिकवून काय बांगडे वाचून दाखवनार हाय?" त्या आयांच्या मागे मी घरोघर फिरले, सुकत घातलेल्या मासळीवर बसून तासन्‌तास गप्पा मारल्या, तेव्हा कुठे एकेक मुलगी आली. आता त्यातल्या काही चौथीत होत्या. मुंबईहून बापाचं पत्र आलं की ते वाचायला वाडीतली माणसं भटजींकडे न जाता माझ्या पोरींकडे येत. याहून मोठी पदवी मला कोणी देऊ केली असती तरी मी घेतली नसती.

दुसरं कारण घरचं. आमचे हे मुंबईला गिरणीत होते. मंदीत गिरणी बंद पडली आणि हे एक ट्रंक नि पंख्याची एक दांडी घेऊन घरी आले. पंख्याची दांडी कशाला आणली ते त्यांनी मला मरेपर्यंत सांगितलं नाही. तेव्हापासून घर माझ्या पगारावर चाललं होतं. म्हणजे शाळा गेली तर आमच्या घरची चूल गेली आणि वाडीतल्या पोरींची पाटी गेली, इतका सरळ मामला होता. तो मला नीट कळला होता असं मला वाटायचं.

खडूंच्या पुडीनंतर शहराचीही रया गेली. बंदराच्या रस्त्यावरचे चिरे उखडले ते उखडलेच राहिले. गटारं साफ करणारी माणसं कमी झाली. रस्त्यावरच्या कंदिलांत रॉकेल घालणारा माणूस एक दिवा लावायचा आणि पुढच्या दिव्याखालून नुसताच शिडी घेऊन जायचा. लोक म्युनिसिपालटीला शिव्या द्यायचे. मीही द्यायची. म्युनिसिपालटीला पैसे कुठून येतात हा प्रश्न, खरं सांगते, मला कधी पडलाच नव्हता. मला वाटायचं, असतात त्यांच्याकडे.

एक दिवस स्कूल बोर्डाच्या चेअरमनसाहेबांनी मला कचेरीत बोलावलं. हे गावातले नामांकित वकील. बोलणं गोड, आणि प्रत्येक वाक्य कोर्टापुढे केल्यासारखं. म्हणाले, "बाई, बसा. तुमच्या पगारातला निम्मा हिस्सा म्युनिसिपालटी देते आणि निम्मा सरकार देतं, हे आपल्याला विदित असेलच."

मी मान हलवली. विदित नव्हतं.

"तर सरकारची आवक घसरली आहे. शेतसारा वसूल होत नाही. आणि मुख्य म्हणजे दारूवरची अबकारी बुडाली. लोकांच्या खिशात पैसा नाही, त्यामुळे लोक दारू कमी पितायत."

"बरंच झालं की!" मी म्हटलं.

"बाई, बरं काय झालं? त्याच दारूच्या पैशातून तुमचा निम्मा पगार येतो."

मी तोंडात बोट घातलं. दर शनिवारी शेवटचा तास मी दारूच्या दुष्परिणामांवर घेत असे. पोरींकडून पाठ करून घेत असे. पोरी घरी जाऊन बापाला म्हणून दाखवत, बाप खजील होत, दोघाचौघांनी तर खरोखर सोडलीही होती. म्हणजे इतकी वर्षं दर शनिवारी, चांगला घसा ताणून, मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेत होते.

पुढचं त्यांनी समजावून सांगितलं ते असं. सरकार आता सगळ्या गावांना पहिल्यासारखी मदत देणार नव्हतं. शिक्षणखात्यातले एक साहेब गावोगाव फिरून पाहणार होते. जिथे शाळा खरोखरच रडतखडत चालली आहे, मदत काढली तर मरेल, तिथली मदत चालू राहणार. जिथे बरं चाललंय, तिथली बंद. आणि सरकारचा निम्मा हिस्सा बंद झाला तर म्युनिसिपालटीला एकटीला माझी शाळा झेपणार नव्हती.

"तेव्हा बाई," चेअरमनसाहेब पुढे वाकून हळूच म्हणाले, "साहेब येतील त्या दिवशी शाळा जशी आहे तशीच दिसू दे. किंबहुना, थोडी अधिकच तशी दिसू दे."

"कळलं," मी म्हटलं. "गरिबी दाखवायची."

"मी असं म्हणालो नाही," वकीलसाहेब म्हणाले.

घरी आले ती पदर खोचूनच. असं काम हाती आलं की मला हुरूप चढतो. मी कागद घेऊन बेत आखायला बसले. पडवीची कौलं दोन ठिकाणी सरकली होती, तिथून उन्हाचे कवडसे पडायचे. बरोबर त्या कवडशांत पहिलीच्या पोरी बसवायच्या. फुटक्या पाट्या पुढच्या रांगेत. फळ्याला कोळसा आणि पाला घासून काळा करायचा दिवस जवळ आला होता, तो पुढे ढकलायचा; फळा पांढराफटक राहू दे. साहेबांना बसायला तीन पायांचं स्टूल. चौथा पाय म्हणून खाली चिरा लावलेला होता, तो आयत्या वेळी काढावा की राहू द्यावा यावर मी बराच वेळ घालवला.

हे पलीकडे सुपारी कातरत होते. म्हणाले, "अगो, एवढा खटाटोप कशाला? मला नेऊन कोपऱ्यात बसव. साहेबाला आणखी काही दाखवायला नको."

दुसऱ्या दिवशी मी पोरींना सांगितलं, "साहेब येतील त्या दिवशी रोजच्याच कपड्यांत यायचं. नवं काही घालायचं नाही. कोणी नटूनथटून आली तर बघा." पोरींनी अशी तोंडं पाडली, की जणू मी त्यांना लग्नाला न विंचरता यायला सांगितलं होतं.

संध्याकाळी वाडीतल्या बायका माझ्या दारात. पुढे नाखवीण, म्हणजे शाळेच्या पडवीच्या मालकीणबाई. आवाज असा की लांब आरे-वारेला बोलल्या तर मांडवीला ऐकू यावं.

"बाई, पोरी सांगतात ते खरं काय? साहेब आमच्या वाडीत येनार, नि आमी पोरी फाटक्या परकरात बशवायच्या?"

मी समजावलं. सरकार, तिजोरी, अबकारी, निम्मा हिस्सा, सगळं सांगितलं. अबकारीचं सांगताना जरा घाई केली.

नाखवीण कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. "म्हंजे पैसे मागायला बसायचं. भिकाऱ्यावानी."

"अहो, भिकाऱ्यासारखं कुठे? जे आहे ते दाखवायचं."

"आमच्याकडे काय हाय ते तुमाला ठाव हाय काय? पाव्हना आला नि घरात तांदूळ नसला तर आमी शेजारनीकडनं आनतो. पाव्हन्याला सांगत नाय. तुमच्याकडं सांगतात?"

 आमच्याकडे तरी कुठे सांगत होते! आदल्याच आठवड्यात नणंदेच्या सासरची माणसं आली तेव्हा मी साखर शेजारून आणली होती आणि वर म्हटलं होतं, "आमच्याकडे गोडच लागतं हो सगळ्यांना." मी वाद घालत होते खरी, पण मनातून मला नाखवीणबाईंचंच पटत होतं. असा वाद कोणी जिंकलेला मी अजून पाहिला नाही. तरी शेवटी मी म्हटलं, "बायांनो, शाळेचा प्रश्न आहे. माझं एवढं ऐका." त्या "बगू" म्हणाल्या आणि गेल्या. कोकणात 'बगू' म्हणजे 'नाही', हे मला कळायला हवं होतं.

नशीब असं, की शिमगा नुकताच झाला होता. पालखीला आलेले मुंबईकर चाकरमानी अजून परतले नव्हते. साहेब यायच्या आदल्या दिवशी रविवार, शाळेला सुट्टी. सोमवारी सकाळी मी शाळेत पोचले आणि वाट चुकले की काय असं वाटून दोन पावलं मागे गेले.

कौलं परतून झाली होती. जी माणसं डोलकाठीवर चढून शीड सोडवतात त्यांना पडवीचं छप्पर म्हणजे काय! उन्हाचा एक कवडसा शिल्लक नव्हता. जमीन गुळगुळीत सारवलेली. अंगणात होडीचं कोरं शीड बांधून मांडव घातलेला, त्याला माडाच्या झावळ्यांची तोरणं. फळा असा काळा कुळकुळीत की त्यात तोंड दिसावं. मुंबईच्या गोदीत काम करणाऱ्या एकाने कुठूनशी हात टेकायची खुर्ची आणली होती, दुसऱ्याने भिंतीवरचं घड्याळ आणून टांगलं होतं. माझं तीन पायांचं स्टूल मागच्या परड्यात कोंबड्यांच्या खुराड्यापाशी पडलेलं सापडलं.

आणि पोरी! प्रत्येकीच्या गळ्यात सोनं. वाडीतल्या बायका पोटाला चिमटा काढून चार मणी सोनं जमवतात; होडी गेली, मासळी गेली तर तेवढाच आधार. ते सगळं सोनं त्या दिवशी माझ्या पडवीत रांगेने मांडी घालून बसलं होतं. जिच्या घरी नव्हतं तिला शेजारणीने घातलं होतं. पहिलीतली एक चिमुरडी आजीची बोरमाळ दोन्ही हातांनी सावरत होती, कारण ती तिच्या पोटापर्यंत येत होती.

मी कपाळाला हात लावला. लगेच ओरडायला तोंड उघडलं. नाखवीणबाई कोपऱ्यात उभ्या होत्या, कासोटा घालून, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, कसं दिसतंय?"

काय सांगू! इतकं सुंदर दिसत होतं. इतक्या वर्षांत माझ्या शाळेला कोणी असं नटवलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी म्हटलं, "झकास!" इतकंच नाही. धावत घरी गेले, ट्रंकेतलं ठेवणीतलं लुगडं नेसले आणि मग परत आले. जाताना ह्यांनी नुसतं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सुपारी तोंडात टाकली.

साहेब देशावरचे होते. पुण्याकडचं स्वच्छ बोलणं, डोक्याला टोपी, अंगावर प्रवासाची धूळ. माणूस खरंच सज्जन. चेअरमनसाहेब त्यांच्यामागून अंगणात शिरले, मांडव पाहिला, तोरणं पाहिली, मग मला माझ्या लुगड्यात पाहिलं, आणि त्यांचा चेहरा केस हरलेल्या वकिलासारखा झाला.

साहेबांनी सगळं मन लावून पाहिलं. कौलांकडे बघून विचारलं, "पावसाळ्यात गळतं का?" मी म्हटलं, "गळायचं. आता नाही." पोरींचे पाढे ऐकले. तिसरीतली एक होती, बाप पूर्णगडाकडचा, आई इथे मासे विकणारी. तिच्याइतकी चुणचुणीत पोर मी आयुष्यात पाहिली नाही. तिने साहेबांना विचारलं, "तुमच्या पुण्याला समुद्र नाय, मग माणसं बघतात काय?" साहेब मनापासून हसले. शहाळी आली, केळी आली. गोदीवाल्याने मागे उभं राहून पंखा हलवला. साहेब घाम पुसत म्हणाले, "अशी व्यवस्था मी मोठमोठ्या गावांतसुद्धा पाहिली नाही." वाडीतली माणसं अशी फुलली की विचारू नका. मी त्यांच्यापेक्षा जास्त.

मग त्यांनी टिपण काढलं आणि माझ्याकडे वळून अगदी घरच्या माणसासारखं विचारलं, "बाई, आता मोकळेपणाने सांगा. तुम्हाला काही अडचण आहे का?"

हाच तो प्रश्न. याच्यासाठीच सगळा घाट. माझ्याकडे अडचणींची काय वाण होती? खडू नव्हते. पाट्या फुटक्या होत्या. पावसाळ्यात पोरी ओल्या परकरात कुडकुडत बसायच्या. घरी नवरा बेकार होता. आठवडाभर मी हे सगळं घोकून ठेवलं होतं. साहेबांच्या पाठीमागून चेअरमनसाहेब मला डोळ्यांनी खुणावत होते, मानेने खुणावत होते, शेवटी तर त्यांनी पोटावर हात फिरवून उपाशी माणसाचा अभिनयसुद्धा केला. एवढा मोठा वकील! दाराशी वाडीच्या बायका एकमेकींना रेटून उभ्या होत्या आणि सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "छे छे! काही अडचण नाही साहेब. वाडीची माणसं काही कमी पडू देत नाहीत."

दाराशी एकच आनंद झाला. चेअरमनसाहेबांना ठसका लागला, इतका की साहेबांनीच त्यांना शहाळ्याचं पाणी दिलं. साहेबांनी टिपणात काहीतरी लिहिलं, मला नमस्कार केला आणि गेले. मी तरंगतच घरी आले.

"काय म्हणाला साहेब?" ह्यांनी विचारलं.

"खूश झाला. फार खूश झाला."

ह्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "खूश झाला? मग गेली शाळा."

मी ह्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. खरं बोलणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो.

वैशाखात हुकूम आला. सदरहू वाडीतील रहिवासी शाळेचा भार उचलण्यास समर्थ दिसतात, शिक्षिकेनेही तसे सांगितले, सबब मदत अधिक गरजू ठिकाणी वळवावी. लिहिणं चुकीचं होतं असं मला म्हणता येईना. मग प्रश्न म्युनिसिपालटीच्या सभेत गेला. घरपट्टी थोडी वाढवली असती तर शाळा वाचली असती. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. एकेक सभासद उठला आणि मुलींच्या शिक्षणावर असा बोलला की मला हुंदका यावा. टाळ्या झाल्या. मग घरपट्टीवर मतं घेतली, आणि ज्या हातांनी टाळ्या वाजवल्या तेच हात विरुद्ध वर झाले. रस्त्याचे चिरे आधी बसवायचे, दिवे आधी लावायचे, असं ठरलं. पावसाळ्यानंतर बघू, असंही कोणी म्हणालं. माझी शाळा बंद, आणि पोरींनी शहरातल्या कन्याशाळेत जावं, असा ठराव झाला.

चेअरमनसाहेबांनी मला थांबवून घेतलं. मला वाटलं, आता कानउघाडणी. पण ते खाली बघत म्हणाले, "बाई, तुम्हाला काय बोलू? साहेब त्या दिवशी दुपारी माझ्याकडे जेवले. म्युनिसिपालटीची हलाखी सांगायची म्हणून मुद्दाम बोलावलं होतं. आणि आमच्या घरात त्यांना चांदीच्या ताटात वाढलं. ताटं भावजींच्या घरून आणली होती." आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. हसणं लवकरच संपलं.

वाडीत जाऊन सांगायचं काम माझ्याकडेच आलं. बायका पडवीत जमल्या. मी सगळं सांगितलं. मग नाखवीणबाईंनी विचारलं, एरवीपेक्षा पुष्कळ हळू आवाजात, "पोरींना सोनं घातलं म्हनून?"

"सोनं घातलं म्हणून, कौलं परतली म्हणून, आणि मी तोंड उघडलं म्हणून," मी म्हटलं. मला त्यांचा राग आला होता, साहेबांचा आला होता, घरपट्टीवाल्यांचा तर फारच आला होता, आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा आला होता. पण नाखवीणबाई आत गेल्या आणि माझ्यासाठी गूळ-पाणी घेऊन आल्या, आणि मी रडायला लागले.

त्या म्हणाल्या, "आमी देतो तुमचा पगार. काय मोठं!" सगळ्याजणींनी माना हलवल्या. आठ-पंधरा दिवसांत पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढायच्या होत्या. नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांच्या घरात सुकटीशिवाय काही नसणार होतं. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी म्हटलं, "बगू."

जूनमध्ये मीच पोरींना कन्याशाळेत घेऊन गेले. घरोघर फिरून विनवण्या केल्या. शाळा लांब, चढण मोठी, वर शहरातल्या पोरी वासाला नाकं मुरडतील, अशी सगळ्यांना धास्ती. शेवटी आठ-दहा आल्या, बाकीच्या आईबरोबर टोपली घेऊन बाजारात बसल्या. पाऊस धो धो लागला होता. माझ्या एका छत्रीखाली चौघी, बाकीच्यांच्या डोक्यावर माडाची इरली. वाटेत मी त्यांना बजावत होते, "नवीन जागा आहे. नीट राहायचं. उलट बोलायचं नाही. देतील तिथे बसायचं. तक्रार करायची नाही."

त्या शाळेच्या बाईंपुढे मी पहिल्यांदाच आधी मान लववली. त्यांनी पोरींची नावं घातली, तेवढा मोठेपणा दाखवला. चौथीत गेलेल्या पोरींना वर्गात नेऊन शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसवलं. त्यांना काही वाईट करायचं होतं असं नव्हे. पुढे जागा नव्हती आणि पुढच्या पोरी सरकायला तयार नव्हत्या. दारातून पावसाचे शिंतोडे आत येत होते. मला निघायला हवं होतं, पण पाय निघेना. मी व्हरांड्याच्या खिडकीशी छत्री टेकून उभी राहिले.

तास सुरू झाला. बाईंनी फळ्यावर गणित लिहिलं. लिहून वळतात तोच मागे माझी ती पूर्णगडवाली उभी राहिली. कोणी तिला काही विचारलं नव्हतं.

"बाई, हितनं फळा दिसत नाय," ती खणखणीत म्हणाली. "नि दारातनं पाऊस येतो, पाट्या भिजतायत. आमाला पुडं बसवा."

 पहिल्या रांगेतल्या पोरींनी माना वळवल्या. त्या बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. मग त्यांनी पुढच्या पोरींना हाताने सरका अशी खूण केली आणि म्हणाल्या, "ये. तुम्ही सगळ्याच या."

मी खिडकीत उभी होते, ओठांवर बोट ठेवून, डोळे वटारून, तिला गप्प बस म्हणून जिवाच्या आकांताने खुणावत. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.